पन्नास टक्क्यांचा हुकूम, पन्नास टक्क्यांची मर्यादा

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटमध्ये २६ जुलै १९०२ रोजी एक हुकूम प्रसिद्ध झाला, तेव्हा तो काढणारे शाहू छत्रपती सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते. हुकूम लहान आहे. संस्थानातील सर्व वर्गांत शिक्षणाचा प्रसार व्हावा यासाठी केलेल्या प्रयत्नांना मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत हवे तसे यश आले नाही आणि उच्च शिक्षणाचे फळ पुरेसे सर्वदूर पोहोचत नाही, असे कारण त्यात आधी दिले आहे. मग हुकमाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असा आदेश आहे. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक याच वर्गातील माणसाची करावी आणि केलेल्या नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी पाठवावे, अशी अंमलबजावणीची तजवीजही आहे. आज एखाद्या सरकारी कार्यालयात बिंदुनामावली, म्हणजे राखीव जागांच्या क्रमाची नोंदवही, सांभाळणाऱ्या कारकुनाला हे शेवटचे कलम ओळखीचे वाटेल.

या हुकमातील व्याख्येकडे मात्र दरवर्षी २६ जूनच्या जयंतीच्या भाषणांतही फारसे कोणी लक्ष देत नाही. मागासलेले वर्ग कोणते, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सर्व. यादी केली होती ती पुढारलेल्यांची; उरलेल्या कोणालाही आपले मागासपण सिद्ध करण्याची गरज नव्हती. मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, धनगर, महार, चांभार हे सारे एकाच रेघेच्या अलीकडे होते. शंभर वर्षांनंतर याच कोल्हापुरातून निघालेल्या मराठा मोर्चांची मागणी समजून घ्यायची, तर ही रेघ पुढे कोठून कोठे सरकली हे पाहावे लागते.

हुकूम ज्या परिस्थितीतून आला ती आकड्यांत स्पष्ट दिसते. १८९४ मध्ये शाहूंनी कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते आणि सुमारे ५०० कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १० होत्या. याचे एक कारण शिक्षण होते. रयतेच्या करातून उभा राहणारा पैसा उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याचा लाभ वरच्या जातींनाच मिळतो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती. दुसरे कारण राजवाड्यातच घडले. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी छत्रपतींसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे उघड झाले, आणि राजा असला तरी धर्मशास्त्राच्या हिशेबात तो शूद्रच, हा पुरोहितांचा पवित्रा समोर आला. राजोपाध्यांची वतने जप्त झाली, पुण्यातील ‘केसरी’ने पुरोहितांची बाजू घेतली आणि प्रकरण काही वर्षे धुमसत राहिले. वेदोक्त प्रकरणाचा राग म्हणून १९०२ चा हुकूम निघाला, असे काही जण सांगतात. हे फार सोपे उत्तर आहे. शिक्षणासाठी वसतिगृहे काढण्याची धडपड त्याच्या आधीपासून चालू होती.

राजाराम कॉलेजसाठी १८९६ मध्ये काढलेले वसतिगृह सर्व जातींना खुले होते, पण काही वर्षांतच ते जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले. त्या अनुभवातून जातवार बोर्डिंगांची कल्पना पुढे आली: १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि त्यांच्या आगेमागे लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी बरीच. दसरा चौकात उभे राहिले तर शाहूंच्या पुतळ्याभोवती यांतील काही वास्तू आजही नजरेत येतात. जात मोडू पाहणाऱ्या राजाने जातीच्या नावाची वसतिगृहे का काढली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि आरक्षणाला होणाऱ्या आजच्या विरोधातही तो वेगळ्या शब्दांत येतोच. प्रत्येक जातीतील चार जण शिकल्याशिवाय एकत्र बसण्याची वेळच येणार नाही, हे त्या धोरणामागचे गणित होते. पुढे १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, त्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम निघाला. नोकरीतील जागा, वसतिगृह आणि सक्तीची शाळा या तिन्हींचा विचार एकत्रच करायला हवा. जयंतीला मात्र पहिलीच गोष्ट तेवढी उचलली जाते.

सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी जातवार शिष्यवृत्त्यांवर आक्षेप घेतला, तेव्हा महाराजांनी त्यांना पागेत नेऊन घोड्यांना एकत्र चंदी टाकायला लावली आणि धट्टीकट्टी जनावरे अशक्तांना कशी बाजूला सारतात ते दाखवले, ही कथा कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ती सांगण्यास सोपी आहे म्हणून टिकली. तरीही आपला भर ज्यावर असावा तो आकडा आहे: १९१२ पर्यंत प्रशासनातील ९५ पदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ उरली होती. रिकामी होणारी जागाच तेवढी भरायची आणि बसलेल्या कोणाला उठवायचे नाही, या पद्धतीने दहा वर्षांत एवढा बदल झाला.

हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी झालेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः तेथे आले होते. दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराजांचे निधन झाले. त्याच सुमारास म्हैसूर आणि मद्रासमध्येही ब्राह्मणेतरांसाठी नोकऱ्यांत वाटणीचे आदेश निघाले होते. मुंबई इलाख्यात १९१९ च्या कायद्यान्वये विधिमंडळात ‘मराठा आणि तत्सम जाती’ यांच्यासाठी सात जागा राखीव होत्या आणि सरकारी नोकऱ्यांसाठी प्रगत, मध्यम आणि मागास असे तीन गट मानले जात. मराठ्यांची गणना मध्यम गटात होई. रेघ पहिल्यांदा सरकली ती येथे.

संविधान सभेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी समान संधीच्या कलमावर उत्तर देताना आंबेडकरांनी राखीव जागा एकूण जागांच्या अल्पांशापुरत्याच असाव्यात, नाहीतर समान संधीचे तत्त्वच उरणार नाही, असा मुद्दा मांडला. पुढे न्यायालयांनी याच भाषणाचा आधार वारंवार घेतला. मद्रासमधील जातवार प्रवेशाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रद्द केला, तेव्हा पहिली घटनादुरुस्ती करून अनुच्छेद १५ (४) घालावे लागले. म्हैसूरच्या बालाजी प्रकरणात १९६२ मध्ये राखीव जागा सर्वसाधारणपणे निम्म्यांहून कमी असाव्यात असे न्यायालयाने म्हटले आणि १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने, मंडल आयोगाच्या शिफारशीनुसार इतर मागासवर्गाला दिलेले २७ टक्के मान्य करताना, ५० टक्क्यांची मर्यादा आणि क्रिमिलेअरची, म्हणजे मागासांतील सधनांना वगळण्याची, अट पक्की केली. कोल्हापूरच्या हुकमात पन्नास टक्के हा किमान आकडा होता. नव्वद वर्षांनी तोच आकडा कमाल झाला.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याचे नियमही इतिहासजमा झाले. स्वतंत्र भारताने पद्धत उलटी केली: पुढारलेल्यांची यादी गेली आणि मागासांची यादी आली. यादीत नाव नसेल तर ते घालून घेण्यासाठी आयोगापुढे जावे लागते आणि नाव असले तरी ते आपलेच आहे हे प्रत्येक माणसाला कागदाने दाखवावे लागते. महाराष्ट्रात आज अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या चार गटांना मिळून ११, इतर मागासवर्गाला १९ आणि विशेष मागास प्रवर्गाला २ टक्के आहेत. बेरीज ५२ होते, म्हणजे मराठा आरक्षणाचा प्रश्न येण्याआधीच मर्यादा ओलांडलेली होती.

जूनमध्ये जात पडताळणी समितीच्या कार्यालयाबाहेर थांबणाऱ्या कोणत्याही मुलाच्या फायलीत हा सगळा इतिहास दडलेला असतो. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ मधील जन्माची नोंद, ती मोडीत असेल तर लिप्यंतर करून घेतलेली प्रत, वंशावळीचे शपथपत्र. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही त्याने शाळेचा पुरावा आणायचा, ही या पद्धतीतील खरी अडचण आहे, आणि ती सोसावी लागते ती सर्वांत मागे राहिलेल्यांनाच.

मराठ्यांच्या बाबतीत सारा वाद एका शब्दावर येऊन थांबतो. राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत ८३ व्या क्रमांकावर कुणबी आहे, आणि २००४ मध्ये तेथे मराठा-कुणबी व कुणबी-मराठा यांची भर पडली. नुसता ‘मराठा’ मात्र बाहेर राहिला. अण्णासाहेब पाटील यांनी मार्च १९८२ मध्ये मुंबईत मोर्चा काढला तेव्हा मागणी आर्थिक निकषाकडे झुकलेली होती. कोपर्डीच्या घटनेनंतर निघालेल्या मूक मोर्चांच्या मालिकेत, १५ ऑक्टोबर २०१६ रोजी कोल्हापुरातही मोर्चा निघाला, तोवर मागणी जातीच्या मागासपणाची झाली होती. नोव्हेंबर २०१८ च्या कायद्याने १६ टक्के दिले, उच्च न्यायालयाने ते शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ केले, आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती नाही असे सांगून, कायदाच रद्द केला. महिनाभरानंतर, १६ जून २०२१ रोजी, शाहूंचे वंशज संभाजीराजे छत्रपती यांनी मूक आंदोलन सुरू केले ते शाहू महाराजांच्या समाधिस्थळापासून. १९०२ च्या रेघेच्या अलीकडे असलेला समाज, ती रेघ ज्यांनी ओढली त्यांच्याच समाधीपाशी परत आला होता.

याच आंदोलनाला विरोध करणारे ओबीसी कार्यकर्तेही शाहूंचेच नाव घेतात, आणि त्यांचेही खोटे नाही. १९०२ मध्ये मराठा समाज कचेरीबाहेर होता; नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, शिक्षणसंस्था आणि विधानसभा यांत त्याचे वजन किती वाढले हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. पण त्या वजनाचा वाटा दोन-तीन एकरांच्या मालकाच्या, पोराची फी भरताना ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या घरापर्यंत पोहोचला नाही, हेही इथलेच वास्तव आहे. संपूर्ण जातीला एकच माप लावण्याची सोय १९०२ मध्ये होती, कारण कचेरीत कोण बसते हाच एकमेव निकष होता. ती सोय आता राहिलेली नाही.

दरम्यान यादीच्या आतही रेघा पडू लागल्या आहेत. साडेतीन टक्क्यांच्या भटक्या जमाती-क गटातील धनगर समाज अनुसूचित जमातींत समावेश मागतो. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी राज्यांना मुभा दिली. आणि २०१९ पासून जातीऐवजी उत्पन्न पाहणारे आर्थिक दुर्बलांचे १० टक्के शेजारी उभे आहेत.

मराठ्यांसाठी २० फेब्रुवारी २०२४ रोजी पुन्हा १० टक्क्यांचा कायदा झाला आणि त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. दुसरी वाट नोंदींची आहे: मराठा आंदोलक मनोज जरांगे यांच्या उपोषणानंतर नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू केले, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठवाड्यासाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. पश्चिम महाराष्ट्रात मात्र एकाच घरातील थोरल्या भावाच्या दाखल्यावर ‘कुणबी’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर ‘हिंदू-मराठा’ असे दाखवणारी कुटुंबे सापडतात. त्या दोन शब्दांपैकी कोणता लिहायचा हे शाळेत नाव घालण्याच्या दिवशी बहुधा मास्तरांनी ठरवलेले असते.