अमेरिकेतील कॅथलिक शाळेत शिकवण्यासाठी: लॅटिन अमेरिकी शिक्षकांची पात्रता, व्हिसा आणि कागदपत्रे

मेक्सिको, कोलंबिया किंवा एल साल्वादोरहून अमेरिकेत जाऊन तेथील कॅथलिक शाळेत शिकवू इच्छिणारा शिक्षक बहुधा सर्वप्रथम कोणता व्हिसा मिळेल याची चौकशी करतो. माझ्या मते त्याआधी शाळेला एक गोष्ट लेखी विचारायला हवी, ती म्हणजे वर्गात नेमके काय शिकवायचे आहे. गणित, स्पॅनिश की धर्मशिक्षण, यावरच पुढचा मार्ग ठरतो. स्पॅनिशभाषक शिक्षकांची गरज खरी आहे. बॉस्टन कॉलेजने २०१२ मध्ये इंग्रजीसोबत दुसऱ्या भाषेतूनही शिकवणाऱ्या कॅथलिक शाळांचे जाळे उभे केले आणि त्यांतील बहुतेक शाळांत ती दुसरी भाषा स्पॅनिश आहे.

सामान्य विषय शिकवणाऱ्यांसाठी जे-१ हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा सर्वांत सरळ मार्ग आहे. त्यासाठी अमेरिकी पदवीशी समकक्ष पदवी, किमान २४ महिन्यांचा अध्यापनाचा अनुभव, पुरेसे इंग्रजी आणि ज्या राज्यात शिकवायचे त्या राज्याचे निकष पूर्ण करणे आवश्यक असते. अर्ज करताना उमेदवार मायदेशात शिक्षक म्हणून काम करत असावा. तसे नसल्यास त्याने मागील १२ महिन्यांत उच्च पदवी पूर्ण केलेली असावी आणि गेल्या आठ वर्षांत दोन वर्षे पूर्णवेळ शिकवलेले असावे. शाळा खासगी असली तरी चालते, मात्र ती मान्यताप्राप्त असावी लागते. जे-१ साठीची पात्रता दाखवणारा डीएस-२०१९ हा मूळ कागद शाळा देत नाही, तर परराष्ट्र खात्याने नेमलेली प्रायोजक संस्था देते. तो हाती आल्यावर आय-९०१ या नोंदणी शुल्काचे २२० डॉलर भरून, डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज करून वकिलातीत मुलाखतीला जायचे असते. मुक्काम तीन वर्षांपर्यंतचा असून तो एक किंवा दोन वर्षांनी वाढू शकतो. काहींना त्यानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. तिची नोंद व्हिसावर असते, म्हणून तो हातात पडताच ती वाचून घ्यावी.

धर्मशिक्षण देणाऱ्यांसाठी आर-१ हा धार्मिक कार्यकर्त्यांचा व्हिसा आहे आणि त्याविषयी गैरसमज फार आहेत. हा व्हिसा केवळ धर्मगुरू आणि धर्मभगिनींसाठी नाही. ज्याचे काम मुख्यत्वे धर्मशिक्षणाचे आहे असा प्रापंचिक शिक्षकही पात्र ठरू शकतो. उलट, दिवसभर बीजगणित शिकवून सकाळी प्रार्थना घेणाऱ्या शिक्षकाला शाळा कॅथलिक आहे एवढ्या कारणाने तो मिळत नाही. अर्जापूर्वीची सलग दोन वर्षे त्या धर्मपंथाचे सदस्यत्व आणि अमेरिकेतील नोकरीत आठवड्याला सरासरी किमान २० तासांचे काम ही अट आहे. सदस्यत्व दाखवण्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला पुरेसा नसतो, कारण त्यावरून गेल्या दोन वर्षांविषयी काहीच कळत नाही. त्यासाठी धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, प्रमुख धर्मगुरूंचे तारखांसह पत्र घ्यावे. परदेशी कर्मचारी नेमण्यासाठीचा आय-१२९ अर्ज शाळेने करायचा असतो आणि त्यासोबत करमुक्त दर्जाचा पुरावा द्यायचा असतो. परवानगी आधी ३० महिन्यांपर्यंत आणि एकूण पाच वर्षांपर्यंत मिळते.

मेक्सिकन नागरिकांना उत्तर अमेरिकी व्यापार करारातील टीएन हा काम-परवाना सोपा वाटतो, पण शिक्षकांच्या बाबतीत तो महाविद्यालय, विद्यापीठ आणि सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी संस्था) यांपुरताच आहे, शाळेसाठी नाही. विशेष कौशल्याच्या नोकऱ्यांसाठीचा एच-१बी व्हिसा शाळेलाही मिळतो. मात्र त्याला वार्षिक मर्यादा आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची आकारणी जाहीर झाल्यावर धर्मग्रामाच्या छोट्या शाळेला तो परवडण्यासारखा राहिलेला नाही.

कागदपत्रांत सर्वाधिक अडचण नावाची येते. समजा, एका शिक्षिकेचे नाव मारिया लोपेझ गार्सिया आहे. लोपेझ हे वडिलांचे आडनाव आणि गार्सिया हे आईचे. पदवीवर दोन्ही आडनावे असतात, अनुभवपत्रावर कधी केवळ लोपेझ असते, आणि शाळेचा कर्मचारी गार्सिया हेच आडनाव समजून लोपेझला मधले नाव करतो. लग्नानंतरचे आणि माहेरचे नाव जुळवताना आपल्याकडच्या बायकांना जो त्रास होतो, तोच हा. यावर उपाय एकच, तो म्हणजे पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच प्रत्येक अर्जात लिहावे आणि अनुभवपत्र त्याच नावाने नव्याने मागून घ्यावे.

स्पॅनिश कागदांसोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि ते पूर्ण व अचूक असल्याचे तसेच आपण भाषांतरास सक्षम असल्याचे प्रमाणपत्र भाषांतरकाराने सही करून द्यायचे असते. इमिग्रेशन खात्यासाठी त्यावर नोटरीची गरज नसते. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. पदवीचे समकक्षता मूल्यांकन मात्र वेळ घेते, म्हणून विषयवार गुणपत्रिका आधीच मागवाव्यात. मेक्सिकन शिक्षकांनी पदवीसोबत सेदुला प्रोफेसियोनाल हा व्यवसाय-परवानाही जोडावा.

शाळेच्या बाजूने गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण असते. अमेरिकी बिशपांनी २००२ मध्ये बालसंरक्षणाची सनद स्वीकारल्यापासून धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतील विभाग) याबाबत सवलत देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

करारावर सही करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. कॅलिफोर्नियातील दोन कॅथलिक शाळांच्या प्रकरणांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी असा निर्णय दिला की, धर्मशिक्षणाची महत्त्वाची जबाबदारी पार पाडणाऱ्या शिक्षकांना नोकरीतील भेदभावाविरुद्धच्या कायद्यांखाली शाळेवर दावा करता येत नाही. ज्याचा व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला आहे त्याला याची झळ अधिक बसते, म्हणून नोकरी संपवण्याची मुदत, कारणे आणि परतीच्या प्रवासाचा खर्च ही कलमे लिहून घ्यावीत.

अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ ही प्रवेशनोंद त्याच दिवशी संकेतस्थळावरून उतरवून नाव, व्हिसाचा वर्ग आणि असल्यास मुदत ताडून पाहावी. चूक आढळल्यास सीमाशुल्क विभागाच्या कार्यालयातून ती लगेच दुरुस्त करून घ्यावी, कारण कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजी दिवसांत शाळेला आय-९ या नोकरीची परवानगी तपासणाऱ्या अर्जासाठी मूळ कागद दाखवावे लागतात. मान्य यादीतील कोणते कागद दाखवायचे हे शिक्षकाने ठरवायचे असते, शाळेने नव्हे.