दिवे लागतात, मग सेल्फ का लागत नाही?

“हॉर्न वाजतोय, हेडलाइट लख्ख आहेत, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे.” मागच्या पावसाळ्यात किल्ली फिरवल्यावर माझी गाडी नुसतीच ‘टिकटिकटिकटिक’ करत होती, तेव्हा पार्किंगमध्ये जमलेल्या चौघांचं यावर एकमत झालं. मग एकाने गाडीतल्या इंधन पंपावर संशय घेतला, दुसऱ्याने नव्या सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा, खर्च सांगितला. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी चांगले सुटे भाग उगाच बदलले जातात. म्हणून त्यातलं विज्ञान नीट सांगावंसं वाटलं.

शाळेतला ओहमचा नियम आठवा: विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे धारा (करंट) गुणिले रोध. दोन हेडलाइट मिळून साधारण ११० वॅटचे, म्हणजे त्यांना ९ अँपिअर धारा पुरते. इंजिन फिरवणाऱ्या मोटरची भूक मात्र वेगळ्याच मापाची. फिरणारी मोटर स्वतःच एक उलटं विभवांतर तयार करते आणि त्यामुळे तिच्यातली धारा आटोक्यात राहते. मोटर थांबलेली असताना हा अडसर नसतो, म्हणून पहिल्या क्षणी धारा काहीशे अँपिअरवर जाते. समजा ती ३०० अँपिअर आहे. म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टच्या हिशोबाने बॅटरी, केबल आणि मोटर या सगळ्यांचा मिळून रोध झाला फक्त ०.०४ ओहम.

आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचून तिथे आणखी ०.०४ ओहमची भर पडली असं धरू. हेडलाइटच्या ९ अँपिअरला या जागी ०.३६ व्होल्टचा फटका बसतो, तो डोळ्यांना कळतही नाही. सेल्फच्या वाटेतला रोध मात्र दुप्पट झाला. धारा निम्मी, १५० अँपिअर, आणि त्या चिमूटभर भुकटीवरच ६ व्होल्ट खर्ची पडले! सल्फेटचे जाड स्फटिक पट्ट्यांवर बसलेल्या जुन्या बॅटरीचंही असंच होतं. तिथे हा रोध तिच्या पोटातच असतो. म्हणून निवांत बसलेल्या बॅटरीला मल्टिमीटर लावून १२.५ व्होल्ट दिसले तरी खात्री धरू नये. कुणाला तरी किल्ली फिरवायला लावून त्याच वेळी आकडा पाहावा. तो ९.६ च्या बराच खाली घसरला, तर दोष बहुधा बॅटरीतच आहे. मात्र मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवावीत, क्लॅम्पवर नव्हे. नाहीतर टर्मिनलचा दोष बॅटरीच्या नावावर जमा होतो.

आता ती टिकटिक. मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट. सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड बसवलेला असतो. त्यात तारेची दोन वेटोळी असतात: एक लोखंडी दांडा जोरात ओढणारं, दुसरं तो धरून ठेवणारं. दांडा आत आला की एका बाजूने छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या, दात्यांत सरकतं आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची चकती दोन जाड बोल्ट जोडून मोटरला वीज देते. ओढणाऱ्या वेटोळ्याचं एक टोक किल्लीकडून येतं, तर दुसरं मोटरमधून अर्थिंगला जातं. त्यामुळे चकती टेकताच त्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज मिळतं आणि त्यातली धारा थांबते. पुढचं काम एकट्या धरणाऱ्या वेटोळ्याचं. एरवी ते पुरतं, कारण दांडा आत आल्यावर फट मिटलेली असते. पण नेमकी त्याच क्षणी मोटर बॅटरीवर तुटून पडते आणि व्होल्टेज पाच-सहावर कोसळतं. दांड्यावरची पकड सुटते, स्प्रिंग त्याला मागे फेकते, मोटरची वीज तुटते आणि व्होल्टेज पुन्हा बारावर येतं. किल्ली अजून फिरलेलीच आहे, म्हणून दांडा पुन्हा ओढला जातो. एका सेकंदात असं अनेकदा. विद्युत घंटा अशीच वाजते. फरक इतकाच की घंटेत हे मुद्दाम घडवलेलं असतं.

थोड्या वेळापुरता प्रचंड भार घेणारी छोटी मोटर ही कल्पना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची. त्यांनी आधी दुकानांतल्या कॅश रजिस्टरला अशी मोटर बसवली होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती इंजिन फिरवायला आली आणि हँडल मारताना हात मोडून घेणं थांबलं.

शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना एक प्रयोग सुचवतो. लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसली की सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. अशी चौदा लिंबं ओळीने जोडली की १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीइतके. पण एकेका लिंबाचा अंतर्गत रोध हजार ओहमच्या घरात असतो, त्यामुळे हाती लागते जेमतेम एक मिलिअँपिअर धारा. त्यावर साधा इंडिकेटरही लागणार नाही. लिंबू बांधण्यात जाणारी पाच मिनिटं टर्मिनल तपासण्यात जावीत, असं मला मनापासून वाटतं.

निदानासाठी हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे विझू विझू झाले तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल पाहा. दिवे तसेच राहिले आणि एकच ‘टक्’ आला, तर चकतीचे संपर्क जळलेत, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत, किंवा इंजिनची अर्थिंग पट्टी सैल आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, म्हणून बॉडीशी त्याचा विजेचा संबंध या एका पट्टीवर असतो. मेकॅनिक सेल्फवर हलके ठोकतो आणि गाडी सुरू होते, तेव्हा बहुधा अडकलेला ब्रश जागेवर आलेला असतो. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच किंवा क्लचखालचा स्विच. इंजिन जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, ही तक्रार निराळी. तिथे सेल्फ निर्दोष असतो.

धक्का स्टार्ट जमतं तेही याच गणितामुळे: दिव्यांपुरती उरलेली वीज इंधन पंपाला आणि स्पार्कला पुरते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला मात्र हा उपाय नाही.

माझ्या गाडीचं दुखणं टर्मिनलवरच निघालं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासलं, कोरडं करून क्लॅम्पच्या आतून बारीक पॉलिश पेपर फिरवला. हे करताना आधी काळी, म्हणजे ऋण बाजूची केबल काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी. ती जोडलेली असताना लाल बाजूवरचा पान्हा बॉडीला टेकला, तर बॅटरीची सगळी ताकद त्या पान्ह्यातून वाहते आणि तो हातातच लाल होतो.