इंग्रजी वाक्यातली क्रम सांगणारी क्रियाविशेषणं: फर्स्ट, देन, नेक्स्ट, लेटर, फायनली

कुठली गोष्ट आधी झाली, कुठली नंतर आणि कुठली सगळ्यात शेवटी, हे सांगणारे इंग्रजीतले शब्द म्हणजे ही क्रियाविशेषणं. फर्स्ट, देन, नेक्स्ट, लेटर, आफ्टरवर्ड्स, फायनली, लास्ट वगैरे. शाळेत ती यादीसारखी पाठ करून घेतात, आधी मग नंतर शेवटी असे अर्थ लिहून दिले की झालं. पण खरी गंमत अर्थात नाहीये, जागेत आहे. शब्द तोच, तो वाक्यात कुठे बसवला त्यावर तो कुठल्या क्रियापदाला धरतो ते ठरतं, आणि कधीकधी अर्थच पालटतो.

जागा मुख्यतः तीन. वाक्याच्या तोंडाशी, मध्ये क्रियापदाला लागून, किंवा शेवटी. मध्ये म्हणजे साध्या क्रियापदाच्या आधी (ही देन लेफ्ट), सहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या सहाय्यकानंतर (इट विल देन बी सेंट, शी हॅज फायनली बीन पेड), आणि ॲम, इज, वॉज यातलं काही मुख्य क्रियापद असेल तर त्याच्या मागून. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये मात्र घुसवायचं नाही, शी ओपन्ड फर्स्ट द डोअर हे इंग्रजी कानाला खटकतं. तोंडाशी देन किंवा नेक्स्ट आलं की कधी कधी क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं, देन केम द पोलीस, पण कर्ता ही, शी, दे असा सर्वनाम असेल तर तसं होत नाही, तिथे देन दे केम असंच.

आता फर्स्ट घ्या. आय फर्स्ट मेट हर इन पुणे म्हणजे मी तिला पहिल्यांदा भेटलो ते पुण्यात. आय मेट हर फर्स्ट म्हणजे मी आधी तिला भेटलो, बाकीच्यांना नंतर (किंवा तिला भेटण्यात माझा नंबर पहिला, तू नंतर आलास, हे भांडणातलं वाक्य). मराठीत या दोन्हीसाठी पहिल्यांदा आणि आधी असे वेगळे शब्द आहेत, तरी आपण बोलताना पहिल्यांदा हात धू मग जेव असंही म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. लास्ट आणि नेक्स्टचं पण हेच आहे. आय लास्ट सॉ हिम इन २०१९ म्हणजे त्याला शेवटचं पाहिलं ते २०१९ मध्ये, त्यानंतर भेट नाही. आय सॉ हिम लास्ट म्हटलं की बहुतेक वेळा सगळ्यांना भेटून झाल्यावर सगळ्यात शेवटी त्याला भेटलो असं समजतात. व्हेन आय नेक्स्ट सॉ हिम म्हणजे पुढच्या भेटीत. थोडक्यात हे तीन शब्द क्रियापदाच्या आधी आले तर बहुतेक वेळा कितवी वेळ ते सांगतात, क्रियापदानंतर गेले तर रांगेतला कितवा नंबर ते. हे एवढं कळलं तरी अर्धं काम झालं, पण हे कुणी सांगत नाही.

देनचंही असंच. ही देन बिकेम अ मिनिस्टर म्हणजे मग तो मंत्री झाला, पण ही वॉज देन अ मिनिस्टर म्हणजे तेव्हा तो मंत्री होता. बहुतेक वेळा, काहीतरी घडल्याचं सांगणारं क्रियापद असलं की मग, आणि स्थिती सांगणारं असलं की तेव्हा. आणि देन हे उभयान्वयी नाही हो, नुसता स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्यं देनने जोडली तर इंग्रजी शिक्षक लाल पेन काढतात, अँड देन लिहावं.

फायनलीला दोन चेहरे आहेत. फायनली, ही थँक्ड द ड्रायव्हर असं तोंडाशी आलं तर बहुधा भाषणातला शेवटचा मुद्दा. ही फायनली केम म्हटलं की त्यात वाट बघून कंटाळलेला माणूस आहे, आपलं एकदाचा आला अगदी तेच. ॲट लास्टमध्ये फक्त हा दुसरा सुस्कारा, लास्टलीमध्ये फक्त यादीतला शेवट. त्यामुळे परीक्षेत लास्टली ही केम लिहिणाऱ्याला एकदाचा आला म्हणायचं असतं, ते पोचत नाही.

इन्फिनिटिव्ह म्हणजे टू वालं क्रियापद आलं की खरी कसोटी, कारण आता वाक्यात दोन क्रियापदं असतात आणि क्रियाविशेषण कुणाचं हा वाद सुरू होतो. शी लेटर अग्रीड टू पे म्हणजे तयार झाली ती नंतर. शी अग्रीड टू पे लेटर म्हणजे तयार लगेच झाली, पैसे नंतर देणार. आणि शी अग्रीड लेटर टू पे असं मध्येच ठेवलं तर ते दोन्हीकडे बघतं, इंग्रजी व्याकरणवाले अशा शब्दाला तिरळा म्हणतात. यात आपल्याला इंग्रजीला नावं ठेवायचं कारण नाही, ती नंतर पैसे द्यायला तयार झाली हे मराठी वाक्यही तितकंच तिरळं आहे, आपण ते सोडवतो पैसे नंतर द्यायला तयार झाली असं शब्द हलवून. भाड्याच्या ॲग्रीमेंटमध्ये असली वाक्यं असली तर पुढे डोकेदुखी होते.

यावर एक सरळ उपाय म्हणजे टू आणि क्रियापदाच्या मध्येच शब्द घालणं, वी नीड टू फर्स्ट चेक द पेपर्स. इथे संशयच नाही, फर्स्ट चेकचंच. पण याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात आणि यावर इंग्रजीत शंभर वर्षांहून जास्त भांडण चाललंय. हेन्री अल्फर्ड या कॅंटरबरीच्या डीनने (म्हणजे तिथल्या कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूने) १८६४ मध्ये याला आक्षेप घेतला, नंतर शाळांनी तो नियमच करून टाकला. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकच शब्द असतो म्हणून तो फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये, असं कारण सांगितलं जातं, पण मग मराठीतलं जायलासुद्धा फोडता येत नाही, त्याचा इंग्रजीशी काय संबंध? इंग्रजी शब्दांच्या वापरावर कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ मध्ये लोकांचे पाच गट पाडले, त्यात ज्यांना हे काय असतं माहीतही नाही आणि पर्वाही नाही तेच बहुसंख्य आणि तेच सुखी असं त्याचं म्हणणं. स्टार ट्रेकच्या १९६६ च्या मालिकेतलं टू बोल्डली गो तर जगभर गाजलं, कुणाचं काही बिघडलं नाही. माझं मत विचाराल तर अर्थ स्पष्ट होत असेल तर खुशाल फोडा, फक्त जुन्या वळणाच्या साहेबाला अर्ज लिहिताना जरा टाळा.

फोडण्याच्या या भीतीचा एक किस्सा. २० जानेवारी २००९ ला ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विल फेथफुली एक्झिक्यूट मधलं फेथफुली उचलून वाक्याच्या शेवटी टाकलं, ओबामा अडखळले, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ परत घ्यावी लागली. भाषेवर लिहिणारे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी याचं खापर क्रियापद फोडू नये या सवयीवर फोडलं. हे क्रियाविशेषण क्रमाचं नाही, पण जागा तीच, सहाय्यक आणि मुख्य क्रियापदाच्या मधली.

शेवटी आणखी एक प्रकार, ज्यात क्रमाचं क्रियाविशेषण नसतंच आणि क्रम टू वालं क्रियापदच सांगतं. शी वेंट ऑन टू बिकम अ डॉक्टर, पुढे जाऊन डॉक्टर झाली. द फर्स्ट टू अराइव्ह, द लास्ट टू लीव्ह यात फर्स्ट, लास्ट ही नामासारखी वागतात, पहिला आलेला, शेवटी गेलेला. आणि ओन्ली टू. आय रॅन टू द स्टेशन ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन. यात टू म्हणजे साठी नाहीच, कुणी गाडी गेलेली बघायला धावत नाही. मराठीत सांगायचं तर धावत स्टेशनवर गेलो, बघतो तर काय, लोकल गेलेली.