सेन्सरच्या लाईटला माणूस कसा कळतो, आणि कधी का कळत नाही

जिन्याच्या लाईटला आपल्याकडे वर्षानुवर्षं दोन टू-वे स्विच असतात, एक खाली एक वर, मधे दोन वायरी, कुठूनही चालू कुठूनही बंद. पण बंद कोण करणार, रात्रभर लाईट चालूच, म्हणून आता लोक सेन्सर लावतात.

तर ह्या सेन्सरला (पीआयआर म्हणतात तो, सगळ्यात स्वस्त) हालचाल दिसत वगैरे काही नाही, त्याला फक्त उष्णतेतला फरक कळतो. आपल्या अंगातून सतत इन्फ्रारेड किरण निघत असतात, डोळ्यांना न दिसणारे. सेन्सरच्या आत दोन छोटे तुकडे उलटसुलट जोडलेले असतात, दोघांवर सारखीच उष्णता पडली की हिशोब शून्य. वरची ती पांढरी रेघारेघांची प्लास्टिकची वाटी म्हणजे लेन्स, ती समोरच्या जागेचे पट्टे पाडते, आणि माणूस पट्टे ओलांडत गेला की आधी एका तुकड्यावर जास्त उष्णता पडते मग दुसऱ्यावर, की लाईट लागला. म्हणूनच समोरून आडवं गेलं की पटकन लागतो, सरळ त्याच्याकडे चालत आलं तर उशिरा. बाथरूममधे शांत बसलं तर अंधार, ते पण ह्याचमुळे!

आणि नागपूरच्या मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापतात, मग फरक उरतच नाही, बिचारा सेन्सर काय करणार. मायक्रोवेव्ह सेन्सरला (हा दुसरा प्रकार, स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून हालचाल ओळखतो) ही अडचण नाही, पण तो पातळ भिंतीपलीकडच्या माणसालाही लाईट लावून देतो.

खरी कटकट वायरिंगची. सेन्सर स्वतः चालायला त्याला फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) दोन्ही लागतात, आणि जिन्याच्या स्विचबोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आणलेलाच नसतो. त्यामुळे स्विचच्या जागी बसवण्यापेक्षा वर लाईटपाशी बसवा, तिथे न्यूट्रल असतोच. दोन वायरींचे सेन्सर पण मिळतात, ते बल्बमधूनच थोडा करंट घेतात, जुन्या पिवळ्या बल्बला काही फरक पडत नव्हता, एलईडी मात्र बंद करूनही मिणमिणत राहतो. कधीकधी मिणमिणण्याचं कारण वेगळंच निघतं, वायरमनने स्विचवर फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला असतो. हे डेंजर आहे, कारण लाईट बंद दिसतो पण होल्डरमधे २३० व्होल्ट तसेच, त्यामुळे नुसत्या स्विचवर विसंबू नका, एमसीबी (मेन बोर्डातला खटका) पाडा, टेस्टर लावून बघा आणि मगच हात घाला, नाहीतर सरळ वायरमनला बोलवा.