धरसोडीची पंचवीस वर्षं : विजेची गाडी आणि तिच्यामागचा सरकारी पैसा

बंगळुरूत तयार झालेली रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली. दोन दारांची, मागच्या सीटवर मुलंच कशीबशी मावतील एवढी. सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या. घरातल्या इन्व्हर्टरला घालतो तसं डिस्टिल्ड वॉटर त्यांनाही लागायचं. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटला रात्री लावली की सकाळी चार्ज, आणि मग ८० किलोमीटरच्या आसपास पळायची. शहरातल्या रोजच्या कामाला एवढं पुरतं, हे तेव्हाही खरं होतं. तरी तिचं नाव झालं ते लंडनमध्ये, 'जी-विझ' म्हणून. तिथे शहराच्या मध्यभागी गाडी न्यायला कंजेशन चार्ज भरावा लागतो आणि विजेच्या गाडीला तो माफ होता. सरकारने नेमकी जागा हेरून दिलेली एक सवलत काय करू शकते, ते आपल्याच गाडीने परदेशात दाखवलं.

आपल्याकडे केंद्राचा पैसा यायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ९५ कोटींची योजना आणली : कारखान्यातल्या किमतीच्या २० टक्के अनुदान, कारला जास्तीत जास्त १ लाख, स्कूटरला ४ ते ५ हजार. विक्री वाढू लागली, आणि मार्च २०१२ मध्ये योजना संपली. पुढची तयार नव्हती. स्कूटर बनवणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या त्या खड्ड्यात गेल्या.

हे ९५ कोटी कशाच्या शेजारी ठेवून बघायचे, तेही सांगायला हवं. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नाहीत. डिझेल खर्चापेक्षा स्वस्त विकल्यामुळे तेल कंपन्यांची २०१२-१३ या एकाच वर्षातली तूट ९२ हजार कोटींच्या आसपास होती आणि तिचा मोठा भार शेवटी सरकारी तिजोरीवर आला. त्यात एसटी होती, ट्रक होते, शेतकऱ्याचा पंप होता, हे मान्य. पण त्याच स्वस्त डिझेलवर शहरांत डिझेल कारची लाट आली. 'विजेच्या गाड्यांना सरकारी पैसा कशाला' असं कोणी विचारलं की मला हे दोन आकडे आठवतात. डिझेलची गाडीही सरकारी पैशाशिवाय धावत नव्हती. काहींचा पैसा दिसत होता आणि काहींचा दिसत नव्हता, इतकंच.

महिंद्राने २०१० मध्ये रेवा कंपनी ताब्यात घेतली आणि मार्च २०१३ मध्ये ई-टू-ओ ही विजेची कार बाजारात आणली. तेव्हा केंद्राचं अनुदान शून्य होतं. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने २०२० पर्यंत ६० ते ७० लाख विजेच्या आणि हायब्रिड (इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या) गाड्यांचं लक्ष्य जाहीर केलं होतं, पण पैसा आला १ एप्रिल २०१५ ला, 'फेम' योजनेतून. मधली तीन वर्षं कोरडी गेली. फेमच्या पहिल्या टप्प्यात कारला १३ हजारांपासून १ लाख ३८ हजारांपर्यंत मदत होती. त्यातली ती खालची रक्कम माइल्ड हायब्रिडला मिळे, म्हणजे विजेवर स्वतंत्रपणे एक किलोमीटरही न धावणाऱ्या गाडीला. बराचसा पैसा तिकडेच वाहिला. एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिड वगळल्या गेल्या. योजना लिहिताना 'किती देणार' यापेक्षा 'कशाला देणार' हा प्रश्न मोठा असतो, आणि तो दोन वर्षं उशिरा सुटला.

मग सरकारने स्वतःच गाड्या घ्यायच्या ठरवल्या. ईईएसएल या सरकारी ऊर्जाबचत कंपनीने १० हजार विजेच्या कारचं टेंडर काढलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ते टाटा व महिंद्राला मिळालं. २०१८ मध्ये बातम्या आल्या की दिल्लीत अधिकारी या गाड्या वापरायला नाखूश आहेत, एका चार्जला ८०-८२ किलोमीटरही धड मिळत नाहीत. म्हणजे रेवाच्या हिशेबातच आपण अजून होतो.

खरा फरक पडला तो १ एप्रिल २०१९ ला सुरू झालेल्या फेमच्या दुसऱ्या टप्प्यात. १० हजार कोटी (पुढे साडेअकरा हजार), आणि खासगी कारला त्यातून काहीही नाही. चारचाकीला मदत फक्त टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापरासाठी. उरलेली बस, रिक्षा आणि दुचाकीला. मला हा या साऱ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. दिवसाला ३० किलोमीटर चालणाऱ्या माझ्या गाडीला दिलेला रुपया आणि दिवसाला २०० किलोमीटर माणसं वाहणाऱ्या बसला दिलेला रुपया सारखा नाही.

पुण्यात पीएमपी या शहर बससेवेच्या ई-बस फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाल्या. बस ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा, कंडक्टर आणि तिकिटाचे पैसे पीएमपीचे, आणि ठेकेदाराला दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम. गाडीची मोठी किंमत एकदम उचलायला नको, ही या पद्धतीची ताकद. भेकराईनगरला डेपोत रात्री रांगेने उभ्या बसना जाडजूड केबल लावलेल्या असतात आणि एरवी डेपोत कानावर येणारी इंजिनांची घरघर नसते. कॉलेजात असताना पुण्यातल्या बसचा काळा धूर तोंडावर घेतलेल्या माणसाला ती शांतता फार जवळची वाटते. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली होती. पहिली विजेची 'शिवाई' त्याच रस्त्यावर १ जून २०२२ ला निघाली.

खासगी कारला आधार मिळाला तो दुसऱ्या वाटांनी. ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखांपर्यंत वजावट आली. जानेवारी २०२० मध्ये टाटांच्या रांजणगावच्या कारखान्यातली नेक्सॉन ईव्ही १४ लाखांच्या आत सुरू झाली. कागदावर ३१२ किलोमीटर, रस्त्यावर दोनशेच्या थोडं वर. पण दोनशेत पुण्याहून मुंबई होते, आणि लोकांच्या मनातली भीती तिथे सैल झाली. महाराष्ट्राने जुलै २०२१ च्या धोरणात पहिल्या १० हजार कारना बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासामागे ५ हजार आणि लवकर घेणाऱ्यांना वर १ लाखापर्यंत दिले. एका नेक्सॉनला मिळून अडीच लाख. या पैशाचा बचाव करणं मला जड जातं. अडीच लाख नसते तरी ती गाडी घेणारे बरेच जण होते.

सीएनजी, इथेनॉल या पर्यायांनाही आधार मिळालाच, फक्त रस्ते वेगळे होते. सीएनजी आला न्यायालयाच्या दंडुक्याने : दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशाने, मुंबईत जुन्या टॅक्सींबाबत उच्च न्यायालयाच्या आदेशाने. इथेनॉलची सुरुवात तर आपल्या दारातली. पेट्रोलमध्ये ते मिसळून बघण्याच्या २००१ च्या चाचणीतल्या तीन जागांपैकी दोन मिरज आणि मनमाड. पुढे सरकार ठरवेल तो खरेदीदर, २०१८ पासून डिस्टिलरीच्या (इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाच्या) कर्जावर व्याजसवलत, ५ टक्के जीएसटी, आणि २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण. साखर कारखान्यांचे पैसे लवकर सुटले आणि ऊसउत्पादकाची थकबाकी कमी व्हायला हातभार लागला, हे मोठं काम आहे. पण उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्याच अहवालात आहे. आणि धरसोड इथेही होती : डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, साखर कमी म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका रात्रीत बंदी आली. नुकतीच कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्यांनी करायचं काय?

ऑक्टोबर २०२४ पासूनच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही खासगी कारला अनुदान नाही. १०,९०० कोटींतले ४,३९१ कोटी बसना आणि २ हजार कोटी चार्जिंगला आहेत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला आणि विजेच्या गाडीचं करातलं अंतर कमी झालं. आमच्या सोसायटीत मात्र तिसऱ्या मीटिंगनंतरही एकच विषय बाकी आहे : मीटररूमपासून पार्किंगपर्यंत चार्जिंगसाठी चाळीस मीटर केबल कोणाच्या खर्चाने ओढायची.