मर्चंट नेव्हीसाठी ऑनलाइन इंग्रजी-फ्रेंच शिकताय? आधी दहावीचा मेमो काढा

लातूर-नांदेडकडची पोरं हल्ली हमखास विचारतात, "मेरीटाइम इंग्लिशचा ऑनलाइन कोर्स केला, तर मर्चंट नेव्हीचा फॉर्म भरता येईल ना?" कोर्स जरूर करा, पण पात्रतेत तो धरत नाहीत. पात्रता मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, ठरते.

जीपी रेटिंगच्या, म्हणजे जहाजावर खलाशी व्हायच्या, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दहावीला एकूण 40 टक्के हवेत आणि इंग्रजीत वेगळे 40 टक्के, तेही दहावीत किंवा बारावीत. वय साधारण साडेसतरा ते 25. अधिकारी व्हायचं असेल तर आयएमयूची, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाची, सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. तिथे बारावीच्या पीसीएममध्ये 60 टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के लागतात.

पोरं अडकतात ती इंग्रजीच्या अटीवर. आपल्या बोर्डाची टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हवर निघते. उदगीरकडच्या एका पोराच्या मेमोवर 71 टक्के होते, घरी पेढे वाटलेले. इंग्रजीसमोर 36. तो विषय टक्केवारीत धरलाच नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्ज परत आला तेव्हा कळलं. तुमचंही असंच असेल तर बारावीच्या इंग्रजीवर जोर द्या, तो मार्ग खुला आहे.

दुसरी अडचण नावाची. प्रशिक्षणाआधी इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी पासपोर्ट. मेमोवर विठ्ठलच्या स्पेलिंगमध्ये दोन टी, आधारवर एक, पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. या एका टीपायी पोरांचे महिनेच्या महिने जातात, आणि खिडकीवरचे साहेब "दुरुस्त करून आणा" एवढंच सांगतात. कुठून आणायचं ते सांगत नाहीत. मेमोवरची चूक शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते: लातूर, नांदेड, धाराशिवची लातूरला, बाकी मराठवाड्याची छत्रपती संभाजीनगरला. आधी मेमो, मग आधार, शेवटी पासपोर्ट, या क्रमानंच जा.

मेडिकल गावातल्या डॉक्टरांचं चालत नाही. डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी महासंचालनालयाच्या, यादीतलेच डॉक्टर लागतात. रंगांधळेपणा निघाला तर तिथेच थांबावं लागतं, म्हणून फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. फोटो, टीसी, रहिवासी दाखला हे नेहमीचंच.

आता भाषेचा वर्ग. जहाजावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2001 मध्ये मंजूर केलेली ठरावीक इंग्रजी वाक्यं वापरतात. आकडासुद्धा सुटासुटा बोलायचा: 150 म्हणजे 'वन फाइव्ह झिरो', कारण वायरलेसवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. ज्या वर्गात हे बोलून घेत नाहीत, नुसतं ग्रामर शिकवतात, तो घेऊ नका. कंपन्या मुलाखतीआधी बऱ्याचदा मार्लिन्स ही इंग्रजीची चाचणी घेतात, तिथे ही तयारी कामाला येते.

फ्रेंच यातल्या कुठल्याच फॉर्मला लागत नाही. संकटात पुकारायचा 'मेडे' फ्रेंचमधून आला हे खरं, पण त्यासाठी फ्रेंचचा कोर्स लागत नाही. फ्रेंच कंपनीत किंवा क्रूझवर जायचं असेल तर सावकाश शिका. इंग्रजी कच्चं असताना त्यावर पैसे घालू नका.

आणि एजंट. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो, तो डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासता येतो. परवाना असला तरी नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. बापानं सोयाबीन विकून आणलेले पैसे 'जॉइनिंग'च्या नावाखाली कुणाच्याही हातात देऊ नका.