'भ'चा 'म' होतो तेव्हा

गेल्या गणेशोत्सवात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाने 'भव्य भजनसंध्या' असा फ्लेक्स लावला. चौकाच्या पलीकडून, म्हणजे साधारण २० मीटरवरून, तो 'मव्य मजनसंघ्या' असा वाचला जात होता. शुद्धलेखन तपासणारे काका हादरले. जवळ जाऊन पाहिलं, तर 'भ' आणि 'ध' शाबूत होते. फ्लेक्स करणाऱ्याने मजकुराचा साधा फॉन्ट घेऊन तो बटण दाबून ठळक केला होता आणि वर त्याच रंगाची आउटलाइन चढवली होती. 'भ'ला 'म'पासून वेगळं करणारी शिरोरेषेतली फट उरली होती जेमतेम २ मिलिमीटर.

आता डोळ्याचा हिशेब. निरोगी डोळ्याला फट दिसायची, तर तिने डोळ्याशी निदान एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करायला हवा. त्यासाठी १० मीटरवर फट ३ मिलिमीटरची लागते, २० मीटरवर ६ची. नजर तपासताना काही ठिकाणी तुटकं कडं दाखवून 'फट कुठल्या बाजूला?' असं विचारतात. नेत्रतज्ज्ञ एडमंड लँडोल्ट यांचं ते कडं आणि आपला 'भ', दोघांची परीक्षा एकच.

ठळक मथळ्याचा टंक, म्हणजे फॉन्ट, काढणारा कारागीर खरं तर काळ्यापेक्षा पांढऱ्याचीच, म्हणजे अक्षरातल्या मोकळ्या जागेची, जास्त काळजी करतो. इटलीतल्या पार्माच्या जांबातिस्ता बोदोनी (१७४०-१८१३) यांच्या टंकांत उभे दांडे जाड, तर आडव्या रेषा आणि सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना फुटलेले पाय, केसासारखे बारीक असत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी लठ्ठ टंक निघाले. त्यांत जाड ते आणखी जाड झालं, बारीक मात्र बारीकच राहिलं. मेख इथेच आहे. रोमन 'बी'च्या दोन पोटांमधली रेषा केसाएवढी असल्यामुळे दांडा कितीही फुगला तरी पोट बुजत नाही. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांचा १९२२चा 'कूपर ब्लॅक' उलट वाटेने गेला. त्याचे सेरिफ गोल, मऊ, आणि उडून जाईल अशी नाजूक रेषाच नाही. म्हणून तो टी-शर्टवरही धकतो.

देवनागरीत अडचण उंचीची. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये आडवी शिरोरेषा. तिला जाड केलं की अक्षराचं पोट आक्रसतं. शिवाय बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट, त्यामुळे जाडीही उलट तिरकसात पडते. रोमन साचा जसाच्या तसा उचलला, तर अक्षर पाहुण्यासारखं अवघडून बसतं. शेजारच्या गुजराती पाटीला शिरोरेषेची ही कटकटच नाही. बडोद्यात राहून त्याचा थोडा हेवा वाटतो, निदान मला तरी.

इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'रोझा वन' या टंकात देवनागरी आणि रोमन, दोन्हींत जाड-बारीक भेद टोकाचा आहे. लग्नपत्रिकेवरची नावं, मासिकाचा मथळा, हॉटेलचं मेन्यूकार्ड इथे तो खुलतो. पत्रिकेतला 'आमचे येथे श्रीकृपेकरून'चा मजकूर मात्र त्यात लावू नये. लहान आकारात बारीक रेषा उडतात आणि नुसते दांडे उरतात.

यंदा फ्लेक्स छापायला जाण्याआधी काकांनी नमुन्याच्या प्रिंटवर पट्टी लावून 'भ'ची फट स्वतः मोजली. ८ मिलिमीटर. सहा हिशेबाचे, दोन त्यांच्या चष्म्याच्या नंबराचे.